ऑस्टिन सेव्हन अल्स्टर घेताय? माझे ३८,५०० पौंड कसे गेले ते आधी वाचा

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण सगळे तोच विचारतात आणि सांगताना दर वेळी जीव नकोसा होतो. ३८,५०० पौंड. त्यातले २,००० विसार म्हणून, उरलेले ३६,५०० बँकेतून थेट त्याच्या खात्यावर. गाडी ट्रेलरवरून घरी आणायचे वेगळे ४२०. रुपयांत चाळीस लाखांच्या वर जातात, आणि त्यातली निम्मी रक्कम वडिलांचा कोथरूडचा फ्लॅट विकल्यावर माझ्या वाट्याला आलेली. एवढ्या पैशांत १९३० सालची अस्सल ऑस्टिन सेव्हन अल्स्टर मिळणार होती. दारात येऊन उभी राहिली ती एक साधी सलून, म्हणजे बंद छपराची घरगुती गाडी, वरचं अंग कापून टाकलेली आणि त्या जागी नव्या ॲल्युमिनियमची टोकदार शेपटी बसवलेली.

"हौस होती, भुलला" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की मी अडाणी गिऱ्हाईक नव्हतो. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, गेली बरीच वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये गाड्यांच्याच कंपनीत नोकरी करतो. प्रेस्कॉटच्या चढावर जुन्या गाड्यांच्या शर्यती असल्या की सुट्टी काढून जातो. अल्स्टर काय चीज आहे हे ठाऊक होतं, म्हणूनच ती हवी होती. १९२९ च्या ऑगस्टमध्ये उत्तर आयर्लंडमध्ये आर्ड्सच्या रस्त्यांवर टूरिस्ट ट्रॉफीची शर्यत झाली. सात लिटरची मर्सिडीज घेऊन जर्मन ड्रायव्हर काराचिओला जिंकला, आणि हँडिकॅपच्या, म्हणजे लहान गाड्यांना सूट देणाऱ्या, हिशेबात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर आल्या त्या ७४७ सीसीच्या ऑस्टिन सेव्हन. अल्स्टर हे त्या प्रांताचं नाव, गाडीला ते त्या शर्यतीवरूनच पडलं. नवी कोरी तेव्हा १८५ पौंडांना मिळायची. न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅक्लॅरन पोरवयात जिच्यावर शर्यत शिकला ती अल्स्टरच, आणि त्याच्या नावाच्या कंपनीने ती अजून इंग्लंडात वोकिंगला जपून ठेवली आहे. अशी गाडी आपल्या हातून पुढच्या पिढीपर्यंत नीट पोचावी, एवढीच इच्छा होती. गुंतवणूक वगैरे डोक्यातही नव्हती.

आता यातला धोका. ऑस्टिन सेव्हन १९३९ पर्यंत २,९०,००० च्या आसपास बनल्या, त्यात अल्स्टर अगदी थोड्या. साध्या सेव्हनची चासी आणि इंजिन आजही सहज मिळतं. अल्स्टरच्या घाटाचं अंग नवं करून देणारे कारागीर आहेत, खाली वाकवलेला पुढचा ॲक्सलसुद्धा नवा मिळतो. प्रतिकृती म्हणून सांगून विकली तर त्यात काहीच वावगं नाही. छान गाड्या असतात, लोक मजेत शर्यतीत पळवतात. किमतीतला फरक मात्र हजारोंचा, आणि तो फरक ठरतो कागदांवर. म्हणून चोर पत्र्यावर मेहनत घेत नाही, फाइलवर घेतो.

मला गाडी विकणाऱ्याची फाइल जाडजूड होती. वेल्सच्या सीमेजवळच्या खेड्यात राहणारा, सत्तरीचा, मृदू बोलणारा. गाडी वडिलांची, आता हात चालत नाहीत, चांगल्या घरी जावी, हे सगळं त्याने सांगितलं. फाइलमध्ये जुने टॅक्सचे गोल बिल्ले, पन्नासच्या दशकातल्या पावत्या, शर्यतीचे दोन कृष्णधवल फोटो आणि एका मोटार संग्रहालयाच्या लेटरहेडवरचं पत्र की ही अल्स्टर आमच्याकडे प्रदर्शनात होती. त्या पत्राने माझा निम्मा संशय मिटवला. संग्रहालयाने मांडलेली गाडी खोटी असेल असं कुणाच्या मनात येईल? पुढे मी तिथे विचारलं तेव्हा कळलं की गाडी एका शनिवार-रविवारच्या मेळ्यापुरती मागून आणलेली होती आणि तिच्यापुढच्या कार्डावरचा मजकूर मालकाने लिहून दिला होता तसाच छापला होता. कुणी तपासलं नव्हतं. पत्र त्यांचंच, सही त्यांचीच, आणि त्या पत्राच्या जोरावर मी पैसे मोजले.

आणि आता ते लॉगबुक. यावर लिहिताना अजून हात थरथरतो.

पूर्वी इथे गाडीसोबत पुठ्ठ्याचं नोंदणीपुस्तक असायचं. मालक बदलले की त्यात शिक्के पडत, आणि गाडीच्या अंगाचा प्रकार शाईने लिहिलेला असे. त्याच्याकडे त्याची फोटोकॉपी होती. मूळ पुस्तक "बँकेच्या लॉकरमध्ये". कॉपीत सगळं स्वच्छ होतं, फक्त अंगाच्या प्रकाराच्या ओळीवर एक आडवा काळा पट्टा. "मशीनची शाई सांडते हो," तो म्हणाला. पट्ट्याच्या आधी मोठा एस दिसत होता. एस म्हणजे स्पोर्ट्स, मी मनातच वाचून टाकलं. स्पोर्ट्स हा शब्द इंग्रजीत हाताने लिहिला तर दुसऱ्या अक्षराची, पीची, दांडी ओळीखाली उतरते. पट्टा ओळीच्या वरवरच होता, त्याच्या खालचा कागद पांढरा स्वच्छ. एकही दांडी खाली आलेली नव्हती. पट्ट्याच्या खालच्या कडेला मात्र शेजारी शेजारी दोन गोलांची बुडं डोकावत होती. सलून या शब्दात दोन ओ असतात. मी तो कागद खिडकीशी नेला होता. तिरका धरून पाहिला होता. दोन्ही गोल पाहिले होते! माझी बायको शेजारी उभी होती. ती हळूच मराठीत म्हणाली, "अहो, एवढा एक कागद फोटो काढून कुणाला तरी दाखवूया, मग पैसे द्या." त्याच क्षणी तो म्हणाला की उद्या हॉलंडहून एक जण गाडी बघायला येतोय. हॉलंडहून कुणी येत नव्हतं, हे तुम्हाला वाचताना कळतंय. मला तिथे उभं असताना डोळ्यांसमोर ती गाडी दिसत होती, वाकवलेला ॲक्सल बरोबर होता, शेपटी बरोबर होती, संग्रहालयाचं पत्र हातात होतं. विसार तिथेच फोनवरून पाठवला.

उघडकीला कसं आलं ते थोडक्यात. व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या शर्यतीत उतरायचं तर गाडीचा पात्रतेचा फॉर्म लागतो, म्हणून मी एका जाणकार मेकॅनिकला ३६० पौंड देऊन गाडी तपासून घेतली. त्याने तेलाचा खालचा डबा उतरवला. अल्स्टरच्या क्रँकला दाबाने तेल जातं. इथे साध्या सेव्हनची तेल उडवणारी जेट होती. नव्वद वर्षांत इंजिन बदललं असेल, असं मीच त्याला म्हणालो. त्याने काही न बोलता चासीवरच्या नंबराभोवतीचा रंग सॉल्व्हंटने पुसला. आकड्यांच्या आजूबाजूला ग्राइंडरचे बारीक समांतर ओरखडे, आणि आकड्यांच्या खाचेत पांढरंशुभ्र लोखंड, म्हणजे नंबर नव्याने ठोकलेला. त्याने लावलेली किंमत १४,००० पौंड. मग मी परगण्याच्या अभिलेखागारात लिहून जुन्या नोंदणीवहीतली नोंद मागवली. अंग: सलून. रंग: निळा. वापर: खाजगी. हे पत्र आधी लिहिलं असतं तर, असं म्हणणाऱ्यांना विचारतो, विक्रेत्याच्या हातातली फाइल उघडी असताना किती जण अभिलेखागाराला लिहितात?

विक्रेता पहिल्यांदा म्हणाला, बघतो. मग म्हणाला, वडिलांनी सांगितलं तेच मी सांगितलं. मग फोन उचलेनासा झाला.

आणि मग सुरू झाली खरी शोभा. पोलिसांच्या राष्ट्रीय तक्रार केंद्राने ऑनलाइन अर्ज घेतला, क्रमांक दिला, आणि आठवड्यांनंतर दोन ओळींचं पत्र: तपास होणार नाही. स्थानिक चौकीत गेलो तर काउंटरवरची बाई म्हणाली, "तुम्हाला गाडी मिळाली ना? मग हा दिवाणी मामला." गाडी मिळाली! नकली नोट हातात ठेवली तर कागद मिळाला ना, असं म्हणाल का? मी त्यांना दाखवलं की याच माणसाच्या जुन्या जाहिरातींत आणखी दोन "अल्स्टर" आहेत, तीच लाल विटांची भिंत, तोच आयव्हीचा वेल, तोच हिरवा दरवाजा मागे. म्हणजे हा वडिलांची गाडी विकणारा पोरगा नाही, धंदा करतो. प्रिंट काढून नेले. "इथे ठेवून घेता येत नाहीत," एवढं उत्तर. ग्राहक-संरक्षणवाल्यांनी सांगितलं, आम्ही वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, माहिती नोंदवून ठेवतो. कुठे? कोण वाचणार? उत्तर नाही.

बँकेची तर तऱ्हाच वेगळी. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये नियम आहे की फसवून ट्रान्स्फर करून घेतलेले पैसे बँकेने ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यायचे. मी उड्या मारत अर्ज केला. उत्तर आलं, खाजगी व्यवहारातला दर्जाचा वाद या नियमात बसत नाही. दर्जाचा वाद! मी सीट फाटली म्हणून रडत नव्हतो, चासीवरचा नंबर पाडून नवा ठोकला होता. फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगा, दर वेळी तो म्हणणार की तुमची निराशा मी समजू शकतो. वर दाद मागितली, तिथे फाइल रांगेत पडली आहे.

वकिलाचं पहिलं पत्र ९०० पौंड. त्याने मला १९९० चा 'ओल्ड नंबर वन' बेंटलीचा निकाल सांगितला. १९२९ आणि १९३० ला फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेली ती गाडी एक कोटी पौंडांना ठरली, घेणारा म्हणाला हिच्यात मूळचं फारसं काही उरलेलं नाही, आणि न्यायमूर्ती ऑटन यांनी विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला, कारण गाडीचा इतिहास सलग होता. वकिलाला भीती वाटते की समोरचा याच निकालाचा आधार घेईल. मी घेऊ देणार नाही. त्या बेंटलीचं अंग बदललं, इंजिन बदललं, १९३२ ला ब्रुकलँड्सच्या शर्यतपट्ट्यावर ती चालवताना क्लाइव्ह डन्फीचा जीव गेला, पुन्हा बांधली, हे सगळं उघड्यावर, लोकांसमोर, नोंदीसकट झालं. जुनी शर्यतीची गाडी म्हणजे तिला झालेली प्रत्येक दुरुस्तीसुद्धा. माझ्या गाडीचा इतिहास एका निळ्या सलूनचा आहे, आणि तो ग्राइंडरने खरवडून काढला. त्या सलूनचंही वाटोळं केलं या माणसाने, हे मला पैशांइतकंच लागतं. २४,५०० पौंडांच्या फरकासाठी दावा लावायचा तर पाच टक्के कोर्ट फी, म्हणजे १,२२५. भरली आहे.

घेणाऱ्यांनो, नंबराभोवतीचा रंग पुसू देत नसेल तर तिथून निघा. आजच्या नोंदणी कागदावर स्वच्छ छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. गाडी काय आहे याचा तर त्याहून नाही. फोटोकॉपी म्हणजे पुरावा नव्हे, लॉकर उघडायला लावा. संग्रहालयाला फोन करून विचारा की कार्ड कुणी लिहिलं. फोटोतली भिंत जुन्या जाहिरातींत शोधा. हॉलंडहून येणाऱ्याला येऊ द्या, न्यायची तर नेऊ दे. तपासणीचे ३६० पौंड विसाराच्या आधी खर्च करा.

मुंबई-पुण्यातल्या मंडळींनी तर हे जास्त लक्ष देऊन वाचावं. पूर्वी १९५० च्या आधीच्याच गाड्या भारतात आणता यायच्या. २०२५ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना दार उघडलंय, आणि इथल्या, इंग्लंडमधल्या दलालांना ते आपल्यापेक्षा आधी कळलंय. भारतात व्हिंटेज गाड्यांसाठी असलेल्या व्हीए मालिकेच्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि नियमात म्हटलं आहे की चासी, अंग, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. माझ्यासारखी कापलेली गाडी ड्युटी भरून न्हावा शेव्याला उतरवलीत तर तिथून परत पाठवायलाही पैसे लागतील.

लाल विटा, आयव्ही, हिरवा दरवाजा. अशा भिंतीपुढे उभी अल्स्टर कुणी दाखवली तर पैसे पाठवण्याआधी मला लिहा. नोंदवहीच्या पानाची प्रत आणि चासी नंबराचे फोटो मी त्याच दिवशी पाठवीन, आणि तुम्ही त्याच्या आधीच्या गिऱ्हाइकांपैकी असाल तर साक्षीला याल का तेही सांगा.