कानात टूर लावून फोर्ट आणि पुण्याच्या पेठा: पैसे वसूल की नाही

गाईड नको, पंचवीस जणांचा ग्रुप नको, सकाळी सकाळी व्हॉट्सॅपवर "सगळे पोचले का" नको, असं ज्यांचं म्हणणं असतं त्यांच्यासाठी हे सेल्फ गाईडेड ऑडिओ टूरचं प्रकरण एकदम भारी आहे. मोबाईलवर टूर घ्यायची, घरच्या वायफायवर डाउनलोड करायची, ठरलेल्या जागी जाऊन प्ले दाबायचं आणि चालायला लागायचं. जीपीएस तुमच्या मागावर असतंच, त्यामुळे तुम्ही पुढच्या ठिकाणी पोचलात की पुढचा भाग आपोआप सुरू होतो. आपण आपल्या वेळेनं चालायचं, मधे चहा प्यायचा, कंटाळा आला तर घरी जायचं, कुणी बोलणार नाही.

अ‍ॅपचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. एक तर पुढे मी त्याला शिव्या घालणार आहे, आणि दुसरं म्हणजे अ‍ॅपला स्टार देऊन काही उपयोगच नाही. एकाच अ‍ॅपवर वेगवेगळ्या लोकांनी बनवलेल्या टूर असतात, त्यातली एक सोनं निघते आणि एक निव्वळ टाईमपास. मला दोन्ही मिळाल्या. मुंबईच्या फोर्टची मस्त आणि पुण्याच्या पेठांची, काय सांगू, बघूच पुढे.

आधी फोर्ट. रविवारी सकाळी गेलो, मी आणि नवरा. रविवारीच जा हो, बाकीच्या दिवशी त्या भागात कानात काही घातलंत तर हॉर्नशिवाय काही ऐकू येणार नाही आणि ऑफिसवाले खांद्यानं ढकलत नेतील ते वेगळंच. सुरुवात चर्चगेटहून. तिथं पहिलीच गोष्ट सांगतात ती म्हणजे चर्चगेट नावातलं ते गेट म्हणजे किल्ल्याचा दरवाजा आणि चर्च म्हणजे आतलं सेंट थॉमस कॅथीड्रल. आयुष्यभर चर्चगेट लोकल पकडली पण कुठलं चर्च आणि कुठलं गेट हा प्रश्न कधी डोक्यात आला नाही बघा. फोर्ट फोर्ट म्हणतो आपण पण किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना पाडली, आता सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बाजूला थोडासा तुकडा उरलाय तेवढाच.

ही टूर मला का आवडली ते सांगते. ज्यानं लिहिलीय त्यानं एकच धागा धरलाय, कापसाचा पैसा. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, मग सगळ्यांनी मुंबईच्या कापसावर उड्या मारल्या आणि इथे पैसा अक्षरशः वाहायला लागला. तो पैसा कुठे कुठे गेला हे तुम्ही चालत चालत बघता. हॉर्निमन सर्कलला उभं केलं की सांगतात की इथं आधी मोकळं मैदान होतं, कॉटन ग्रीन, कापसाच्या गासड्यांचे ढीग लागायचे. (हार्बर लाईनवरचं कॉटन ग्रीन स्टेशन आठवलं ना? कापसाचा बाजार तिकडे सरकला तसं नावही तिकडे गेलं.) मग पुढे राजाबाई टॉवरला तोच धागा परत येतो कारण टॉवरला पैसे दिले प्रेमचंद रायचंदनी, कापसाच्या तेजीत सगळ्यात जास्त कमावलेला माणूस, १८६५ ला युद्ध संपलं तेव्हा बाजार असा काही कोसळला की तोही बुडाला, पण आईच्या नावाचा टॉवर मात्र १८७८ ला पुरा झाला. डिझाईन जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं, जो कधी मुंबईत आलाच नाही. आता ही माहिती गुगलवर पण मिळते, मान्य, पण घरी सोफ्यावर वाचणं आणि ढीग लागायचे त्याच जागेवर उभं राहून ऐकणं यात फरक पडतो.

आणि दुसरी गोष्ट, मला वाटतं हीच सगळ्यात महत्त्वाची, टूर सांगणारी बाई कुठे उभं करायचं ते नेमकं जाणते. (आवाज बाईचा आहे, छान आहे, नाटकी नाही.) हॉर्निमन सर्कलच्या इमारतींखाली त्या कमानींची ओळ आहे ना, तिथे ती म्हणते आतून चालू नका, कडेला या, बागेच्या रेलिंगला टेका आणि कमानीच्या बरोब्बर मधल्या दगडाकडे बघा. बघितलं तर त्यावर कोरलेला चेहरा, दाढीवाला. पुढच्या कमानीवर पण. त्याच्या पुढच्या पण! एकावर कबुतर बसलेलं, एकाच्या नाकावरून कुणीतरी इंटरनेटची केबल नेलेली. मग पुढची पंधरा वीस सेकंद ती काहीच बोलत नाही. तुम्ही नुसते बघत राहता. लिहिणाऱ्यानं गप्प बसायची जागा सोडलीय याला माझ्याकडून वेगळा एक स्टार.

तसंच ओव्हल मैदानात. मैदान मधोमध ओलांडणारी जी पायवाट आहे तिच्यावर साधारण मध्यावर थांबवते, आधी एका बाजूला तोंड करा म्हणते, हायकोर्ट, राजाबाई, युनिव्हर्सिटी, सगळं ते टोकदार गॉथिक दगडी काम. मग म्हणते आता जागेवर फिरा. समोर गोल गोल बाल्कन्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगची आख्खी रांग, बहुतेक १९३० च्या दशकातल्या. या दोन्ही मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. मी या मैदानाकडेनं शेकडो वेळा गेली असेन पण असं मधे उभं राहून स्वतःभोवती फिरून कधी बघितलं नव्हतं, कारण कोण बघतं. एकच सूचना, रविवारी तिथं एकावेळी इतक्या मॅच चालू असतात की बॉल कुठल्या मॅचचा आणि कुठून येईल सांगता येत नाही, तेव्हा दोन्ही कानात इअरफोन घालून ध्यानस्थ उभे राहू नका.

काळा घोडा, वॉटसन हॉटेल हे तसं ओळखीचं आहे, पटकन उरकते. खरा घोडा म्हणजे सातवा एडवर्ड बसलेला तो १९६५ ला हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला, आत्ता जो आहे तो २०१७ चा, बिनास्वाराचा. वॉटसनमध्ये ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचा सिनेमा दाखवला, आणि आख्खी इमारतच इंग्लंडमध्ये बिडाचे भाग ओतून इथे आणून जोडलेली. आता तिची अवस्था बघवत नाही तो भाग वेगळा.

आता तक्रार. फ्लोरा फाउंटनला ही बाई ऐसपैस बोलते. १८६४ चं कारंजं, रोमन देवी फ्लोरा, पोर्टलंडचा दगड, आधी हे राणीच्या बागेत बसवायचं होतं वगैरे वगैरे, चांगलं आहे. पण त्याच चौकात बाजूला मशाल घेतलेलं हुतात्मा स्मारक उभं आहे त्याला एक वाक्य! एक! "हे राज्यनिर्मितीच्या आंदोलनाचं स्मारक आहे" आणि चला पुढे. अहो २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात गोळीबार झालाय, माणसं पडलीयत, त्यातून १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, चौकाचं नाव हुतात्मा चौक आहे, आता तर मेट्रो स्टेशनचं नाव पण तेच आहे. इंग्रजीतली टूर आहे, परदेशी पाहुण्यांसाठी लिहिलीय हे कळतं, पण मग त्यांना तर जास्तच सांगायला हवं ना. नवऱ्यानं पॉज करून मलाच तीन मिनिटांचं भाषण दिलं, फुकट.

हां, दोघं असाल तर ही एक गोची आहे. दोघांचे दोन फोन, दोघांचं जीपीएस वेगळं, त्यामुळे माझी टूर सेंट थॉमसला पोचलेली आणि याची अजून फाउंटनलाच. मी "अय्या" म्हणते तर हा विचारतो काय झालं. शेवटी एकाच फोनवर एक इअरफोन माझ्या कानात एक त्याच्या असं केलं. बाहेरचा कान मोकळा राहतो, रस्ता ओलांडताना तेच बरं. तिघं असाल तर मात्र काही खरं नाही. आणि डीएन रोडच्या कमानींखालून चालताना जीपीएस येडं होतं, आपण एका दुकानासमोर आणि ती दुसऱ्याच बिल्डिंगबद्दल बोलतेय, तेव्हा ऑटोप्ले बंद करून हातानं पुढचा नंबर दाबा.

सेंट थॉमसबद्दल सांगायचं राहिलं. १७१८ चं कॅथीड्रल, तीनशे वर्षं झाली. मुंबईतले मैल इथून मोजायचे आणि तसं कोरलेले मैलाचे दगड अजून काही रस्त्यांच्या कडेला आहेत हे मला माहीतच नव्हतं. आत जायचं तर प्रार्थना चालू नाही ना बघा, रविवार आहे. टूरमध्ये याची सूचना नव्हती, आम्ही दारातून परत फिरलो आणि बाहेरचं कारंजं बघून समाधान मानलं.

तर या फोर्टच्या आनंदात मी लगेच पुण्याच्या पेठांची घेतली. मराठीत होती म्हणून तर उडीच मारली. माहेर पुण्याचं, त्यामुळे अपेक्षा जरा जास्त होत्या हे कबूल.

सुरुवात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापासून, आणि सुरुवातच "इतिहासाच्या पाऊलखुणा जपणारं हे पुण्यनगर" अशी, मागे सनई. सनई थांबतच नाही हो! १७३२ ची वास्तुशांत, १८२८ ची आग, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून दारावरचे खिळे, सगळं बरोबर सांगितलंय पण सगळं एका दमात, आणि आपण तिथं उन्हात, बाजूला फुगेवाला. कुठे उभं राहा, कशाकडे बघा, काही नाही. नुसतं भाषण. हे घरी बसून ऐकलं असतं तरी चाललं असतं.

पेठेत शिरल्यावर तर गंमतच. ज्यानं लिहिलंय तो कधी कसब्यातून चालत गेलाय का असा प्रश्न पडतो, गाडीवरून गेला असणार. "येथे क्षणभर थांबून वाड्याच्या दर्शनी भागाचे निरीक्षण करा." अरे कुठे थांबू? फुटपाथ नाही, जिथे आहे तिथे गाड्या लावल्यात, मागून अ‍ॅक्टिवा, पुढून टेम्पो, आणि मी वाड्याचं निरीक्षण करतेय. एका काकूंनी विचारलंच, "कोण पाहिजे?" फोर्टला रुंद रस्ते आहेत, कमानी आहेत, माणूस उभा राहू शकतो. पेठेत उभं राहायची जागा शोधून देणं हेच टूरवाल्याचं काम आहे, कुठल्या देवळाच्या पायरीवर, कुठल्या बंद दुकानाच्या फळीवर, हे त्यानं आधी चालून ठरवायला पाहिजे.

सगळ्यात राग आला तो तांबट आळीत. पेशवाईपासून तांब्या-पितळेची भांडी घडवणारी मंडळी तिथं आहेत, मठाराचं काम म्हणजे हातोडीनं एकेक ठोका देऊन भांड्यावर ते बारीक चमकते खड्डे पाडायचे, प्रत्येक ठोका शेजारच्याला लागून. रविवार नव्हता, काम चालू होतं, एक आजोबा बंब का काहीतरी फिरवत फिरवत ठोकत होते, ठक ठक ठक असा एकसारखा ताल, जरा पुढे दुसऱ्याचा वेगळा. आणि माझ्या कानात काय? सनई! पॉज दाबलं आणि तिथंच थांबले बराच वेळ. आजोबांनी मान वर करून बघितलं, परत कामाला लागले. ऑडिओ टूर बनवताय आणि पुण्यातली सगळ्यात ऐकण्यासारखी गल्ली तुम्ही सनईखाली दाबून टाकता, कमाल आहे.

मग भिडेवाडा. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ ला मुलींची शाळा काढली ती जागा. टूर म्हणते समोरच्या मोडकळीस आलेल्या लाकडी वाड्याकडे पाहा. समोर वाडाच नाही! तो २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडला, तिथं स्मारक व्हायचंय. म्हणजे रेकॉर्डिंग त्याच्या आधीचं, नंतर कुणी ढुंकून बघितलं नाही. परगावचा माणूस बिचारा दगडूशेठसमोरच्या गर्दीत वाडा शोधत बसेल.

काही चांगलं? आहे. देवांच्या नावांचा भाग झकास जमलाय, पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, सोट्या म्हसोबा, एकेकाची गोष्ट छोटी आणि खुसखुशीत, तिथं लिहिणाऱ्याचा आवाज पण सुटलाय. आणि मंडई. ही इमारत बांधायला निघाली तेव्हा एवढा खर्च कशाला म्हणून नगरपालिकेत विरोध करणारे जोतीराव फुले, आधी तिला नाव मिळालं गव्हर्नर रे साहेबाचं, आणि आज तिचं नाव महात्मा फुले मंडई. हे ऐकत ऐकत त्या अष्टकोनी मनोऱ्याखाली भाजीवाल्यांच्या मधून फिरायला मजा आली, तिथं उभं राहायला जागा पण आहे. पुण्याची करायचीच असेल तर मेट्रोनं मंडई स्टेशनला उतरा, तिथून उलटी चाला आणि शनिवारवाड्याचं भाषण सरळ स्किप करा.

किंमत म्हणाल तर दोन्ही टूर साधारण मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटात येतात. युरोपात जाणार असाल तर रिक स्टीव्हजचं ऑडिओ युरोप नावाचं अ‍ॅप फुकट आहे, माझ्या नणंदेनं लंडनला वापरलं, ती खूश होती. इथे मात्र विकत घेण्याआधी फुकटचा नमुना ऐकाच. पहिल्या मिनिटात "या खांबाजवळ उभे राहा, वर बघा" असं काही आलं तर घ्या. सनई आली तर बंद करा. आणि शेवटचं अपडेट कधीचं आहे ती तारीख खाली बारीक अक्षरात असते ती बघा.

फोर्टला पाचातले साडेचार, अर्धा हुतात्मा चौकाचा कापला. पेठांना दोन, त्यातला एक मंडईचा. आता त्याच अ‍ॅपवर गिरगावची दिसतेय, खोताची वाडी वगैरे, आवाज त्याच फोर्टवाल्या बाईचा आहे म्हणून हात शिवशिवतोय, पण अपडेट मेट्रोचं काम चालू असतानाचं आहे, तेव्हा कुणी अलीकडे केली असेल तर खाली सांगा, नाक्यावरचे रस्ते जुळतात का.