चोवीस तास नर्सचे पैसे घेतले, आणि आईच्या पाठीला जखम झाली

आई-वडिलांना शुश्रूषा केंद्रात ठेवण्याचा विचार करत असाल तर हे नीट वाचा. ज्या सेवेचे पैसे आमच्याकडून महिनोन् महिने घेतले गेले, ती सेवा आईला मिळतच नव्हती. आणि हे आम्हाला कळलं ते तिच्या अंगावरच्या जखमेवरून.

आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा जवळजवळ बंद झाली, स्वतःहून कूस बदलणं अशक्य झालं. हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की दर दोन तासांनी कूस बदला, गिळायला त्रास होतोय म्हणून उठवून बसवल्याशिवाय घासही देऊ नका, व्यायामात खंड पडू देऊ नका. दादा, वहिनी, मी, तिघंही नोकरी करणारे. हे सगळं रात्रंदिवस घरी जमणारं नव्हतं, म्हणून केंद्र शोधलं.

माहितीपत्रकात लिहिलं होतं: चोवीस तास प्रशिक्षित नर्स, रोज फिजिओथेरपी, दर आठवड्याला डॉक्टरांची फेरी. सही केलेल्या करारात मात्र ‘आवश्यकतेनुसार शुश्रूषा’ एवढेच दोन शब्द होते. पुढे भांडायची वेळ आली तेव्हा व्यवस्थापकांनी याच दोन शब्दांवर बोट ठेवलं. माहितीपत्रक ही जाहिरात असते, म्हणाले, बांधील आम्ही कराराला. तेव्हा जे तोंडी सांगतात, जे छापून वाटतात, ते शब्दशः करारात उतरवून घ्या. रात्रपाळीला किती माणसं, किती पेशंट, त्यांतली नर्सिंग शिकलेली किती, हे आकड्यांत लिहून मागा. लिहून द्यायला जे नाही म्हणतील, त्यांचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं.

सुरुवातीला सगळं ठीक वाटलं. स्वच्छ फरशी, इस्त्रीच्या चादरी, हसतमुख स्वागतकक्ष. भेटायच्या वेळा ठरलेल्या, आणि त्याआधी फोन करून यायचं, कारण पेशंटच्या आरामात व्यत्यय नको. आम्ही जायचो तेव्हा आई भांग पाडून, पावडर लावून, उशीला टेकवून बसवलेली असायची.

एकदा ऑफिसातून लवकर सुटले आणि फोन न करता गेले. संध्याकाळचे पाच वाजले असतील. आई उताणी झोपलेली, दोन्ही टाचा गादीवर दाबलेल्या. पलंगाच्या पायथ्याशी कूस बदलल्याचा तक्ता अडकवलेला असतो, तो सहज हातात घेतला. डावी कूस, पाठ, उजवी कूस, प्रत्येक रकान्यात सही. सहा वाजताची सही होती. आठची होती. रात्री दहा, बारा, पहाटे दोन, चार, सगळ्या रकान्यांत त्याच पेनाने, त्याच हातच्या सह्या झालेल्या होत्या. अजून न आलेल्या रात्रीची सेवा कागदावर देऊन झाली होती. मी भिंतीवरचं घड्याळ आणि तक्ता एकाच फोटोत येईल असा फोटो काढला. मग आईला कुशीवर वळवलं. माकडहाडाजवळ गाऊन चिकटला होता. तो सोडवताना आईच्या तोंडून जो आवाज आला, तो लिहून सांगता येणार नाही.

आईची देखभाल करणाऱ्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, लालसर झालंय, पावडर लावतोय. त्याच रात्री आम्ही तिला हॉस्पिटलमध्ये हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, बेडसोअर तिसऱ्या टप्प्यातला आहे, म्हणजे कातडी पूर्ण जाऊन जखम आतल्या चरबीपर्यंत पोचलेली. पहिल्या टप्प्यात कातडी शाबूत असते, फक्त लाल डाग दिसतो आणि बोटाने दाबला तरी तो फिकट होत नाही. काळ्या-सावळ्या कातडीवर तो लाल दिसेलच असं नाही, म्हणून हात लावून ती जागा गरम, कडक किंवा मऊ लागते का तेही बघायचं. चौथ्या टप्प्यात जखम स्नायू-हाडापर्यंत जाते. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा तुटतो, आणि ओलं डायपर, घर्षण, कमी पडलेलं खाणं ते आणखी लवकर घडवून आणतात. माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं, कोपर, डोक्याची मागची बाजू. भेटायला गेलात की पांघरूण बाजूला करून या जागा स्वतः बघा. कोणाला वाईट वाटेल याची पर्वा करू नका.

समोरच्या खोलीत स्मृतिभ्रंश झालेले एक काका होते. त्यांच्या मुलीशी माझी तोंडओळख होती. आईला हलवल्यावर मी तिला फोन केला आणि आम्ही दोघी बिलं घेऊन भेटलो. दोन्ही बिलांत ‘स्वतंत्र अटेंडंट’ असा वेगळा आकार लावलेला, म्हणजे एका पेशंटसाठी एकच माणूस. अटेंडंटचं नाव दोन्हीकडे एकच होतं. पाळी तीच, तारखा त्याच. एका बाईचे पूर्ण पैसे दोन घरांकडून घेतले होते. आणि रात्री ती बाई कोणा एकाजवळ नसायचीच, सगळा मजला तिच्या एकटीवर असायचा.

त्या मावशींवर माझा राग नाही. नंतर त्या मला रस्त्यात भेटल्या तेव्हा रडायला लागल्या. म्हणाल्या, “ताई, कूस कशी बदलायची ते मला कुणी दाखवलंच नाही. सह्या आधीच करून ठेवा असं वरून सांगायचे.” त्यांना नर्स म्हणून उभं करून आमच्याकडून पैसे उकळणारे वेगळेच होते, आणि जाब त्यांनाच विचारायला हवा.

काकांची गोष्ट निराळी. ते रात्री उठून फिरायचे, हाका मारायचे. काही आठवड्यांत ते दिवसाही गुंगीत राहायला लागले, आणि केंद्राने सांगितलं, वय झालंय. औषधांचा कागद मुलीने हट्टाने मागून घेतला तेव्हा त्यात तीव्र मनोविकारांवरचं (अँटिसायकोटिक) एक औषध निघालं. घरच्यांना न विचारता सुरू केलेलं. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना ही औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 साली नव्या पिढीच्या औषधांसाठी दिला, आणि 2008 मध्ये जुन्या औषधांनाही तो लागू केला. कधीकधी डॉक्टर पूर्ण विचार करून ती देतातही, पण मग कारण, मात्रा आणि कधीपर्यंत, हे सगळं घरच्यांना माहीत असायला हवं. माणूस अचानक सुस्त झाला किंवा अचानक बरळायला लागला, तर ‘वय झालं’ हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, नवं औषध, यांतलं काहीही असू शकतं. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे पाणी मागून घेतील या भरवशावर राहता येत नाही. आणि जिथे डायपर बदलायला माणसं पुरत नाहीत, तिथे पाणी पाजायचाही कंटाळा केला जातो.

काकांच्या मुलीने एक साधी गोष्ट केली होती. निघताना डायपरच्या पट्टीवर पेनाने बारीकशी वेळ लिहून ठेवली. सकाळी आली तर तेच डायपर. बिलात मात्र रात्रीची बदललेली डायपरं धरलेली.

वजनही बघा. एका महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप घटलं तर ती गंभीर बाब मानतात. आमच्या केंद्रात आईचं वजन दाखल करतानाच काय ते झालं होतं. हॉस्पिटलने केलं तेव्हा कळलं, किती खंगली होती ती.

आता बाहेर पडतानाचं. सामान आणायला गेलो तर व्यवस्थापकांनी एक कागद पुढे केला. त्यावर ‘सेवेबद्दल समाधानी आहोत, कोणतीही तक्रार नाही’ असं छापलेलं. यावर सही केलीत तरच अनामत परत, म्हणाले. दादाने तो मजकूर आडव्या रेघेने खोडला, खाली स्वतःच्या अक्षरात जखमेची हकिगत लिहिली, मग सही केली आणि त्याचा फोटो काढला. अनामत अडकली, त्यातली काही रक्कम बऱ्याच दिवसांनी आली. तो छापील कागद तुमच्याही पुढे येईल. पैशांच्या घाईने सही करू नका.

आम्हाला सर्वांत उपयोगी पडला तो हॉस्पिटलचा दाखल करतानाचा कागद. त्यात जखमेची लांबी, रुंदी, खोली, टप्पा, सगळं तारीख-वेळेनिशी लिहिलेलं होतं. त्यामुळे जखम हॉस्पिटलात झाली असं केंद्राला म्हणता आलं नाही. पेशंटला हलवलंत तर तिथल्या डॉक्टरांना अंगावरच्या प्रत्येक खुणेची नोंद पहिल्या तपासणीतच करायला सांगा.

आईची जखम भरायला महिने गेले. तक्रार अजून चालू आहे. पहिल्या पत्रांना केंद्राने साधी पोचही दिली नव्हती. काकांच्या मुलीचं बिल आमच्या बिलाला जोडून पाठवलं, आणि त्यांचं उत्तर आठवड्याच्या आत आलं. म्हणून तिथे ज्यांचे आई-वडील होते किंवा आहेत, त्यांनी आपापली बिलं काढून अटेंडंटचं नाव आणि पाळी जुळवून बघा, आणि शेजारच्या पलंगाच्या घरच्यांनाही त्यांची दाखवायला सांगा.