तालुक्याच्या गावचा त्वचारोग दवाखाना : नखे पाहून केलेले निदान

अमरावती जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या खासगी त्वचारोग दवाखान्याविषयी लिहीत आहे, कारण वावरात राबणारा माणूस नखांच्या तक्रारीसाठी सहसा डॉक्टरांकडे जात नाही. माझ्या वडिलांची नखे जाड आणि पिवळट झाली होती. मातीत काम करणाऱ्याची नखे अशीच असायची, असे समजून ते मेडिकलमधून आणलेले बुरशीचे मलम कितीतरी दिवस लावत होते.

येथील तपासणी मला फार मोलाची वाटली. डॉक्टरांनी चपला काढायला सांगून हातापायांची वीसही नखे भिंगाखाली पाहिली. काही नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते, दोन बोटांच्या नखांखाली तेलकट पिवळसर डाग होता आणि एक नख टोकाकडून उचलले गेले होते. ही चिन्हे सोरायसिसकडे, म्हणजे त्वचेवर खपल्या धरणाऱ्या आजाराकडे, बोट दाखवतात, असे सांगून त्यांनी लगेच कोपर, कानामागची जागा आणि डोके तपासले, तेव्हा ज्याला आम्ही कोंडा समजत होतो तो खपल्यांचा जाड थर निघाला. सकाळी बोटांचे सांधे आखडतात का, हेही त्यांनी आवर्जून विचारले, कारण नखांवर सोरायसिस असलेल्यांना सांध्यांचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते. तरीही बुरशी नाही याची खात्री करण्यासाठी नखाखालचा भुगा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि त्यानंतरच औषध लिहून दिले. बुरशी आणि सोरायसिस एकाच नखात असू शकतात, त्यामुळे ही चाचणी मला अत्यावश्यक वाटते.

हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणून गुण दिसायला सहा महिने धीर धरावा लागेल, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले. नखे आखूड ठेवणे, त्यांच्याखाली काडीने न कोरणे आणि निंदताना हातमोजे वापरणे, हा सल्लाही शेतकऱ्याला पाळता येईल असाच होता.

उणीव एवढीच की या सूचना मराठीत छापून मिळत नाहीत. वयस्क रुग्णांना त्या घरी पोहोचेपर्यंत आठवत नाहीत. बाजाराच्या दिवशी गर्दी फार असते, तो दिवस टाळावा. नखांना मेंदी किंवा नेलपॉलिश लावलेले असेल तर मूळ रंग दिसत नाही, म्हणून ती उतरल्यावरच तपासणीला जावे. मात्र एखाद्याच नखावर काळी उभी रेघ नव्याने उमटून रुंदावत असेल, तर मेंदी उतरण्याचीही वाट पाहू नये. तो कर्करोग असू शकतो.