प्रभुभोजनाचे तयार कप: मागवावेत का?

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. त्यासाठी आता सीलबंद तयार कप मिळतात; एका खोक्यात शंभर येतात. कपात चमचा-दीड चमचा द्राक्षरस, त्यावर चंदेरी पट्टीचं सील, पट्टीवर पातळ गोल वेफर आणि सगळ्यात वर पारदर्शक कागद. भाकर आणि प्याला एकाच पुडीत, कुणाचा हात न लागलेले. कोविडनंतर चर्च उघडली तेव्हा हे कप आमच्याकडे पहिल्यांदा आले आणि मग राहिलेच.

मी नगर जिल्ह्यात पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू आहे. तालुक्याच्या गावातलं जुनं चर्च आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या लहान लहान मंडळ्या, म्हणजे उपासनेला जमणारे ख्रिस्ती समूह, एवढा माझा पसारा. हे कप आम्ही रविवारच्या उपासनेत, दवाखान्यात, घरभेटीला आणि ऊसतोडीच्या तळावर, सगळीकडे वापरून पाहिलेत. ओळखीचे पाळक आणि पास्टोरेट कमिट्यांचे (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समित्यांचे) सेक्रेटरी फोन करून विचारत असतात, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो. कंपनीचं नाव देत नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवले, फरक उन्नीस-बीसचाच निघाला.

आधी चवीचं. रस गोड, जरा जास्तच गोड. मंडळीत निम्म्या लोकांना साखर, त्यामुळे तक्रार होते; पण चमचाभराने कुणाचं काही बिघडत नाही, हे मी डॉक्टरांना विचारून सगळ्यांना सांगून टाकलंय. मागवताना लेबल मात्र वाचा. काही कपांत द्राक्षाचा रस नावालाच असतो, बाकी पाणी, साखर, रंग आणि वास. वेफर म्हणजे सादळलेल्या आइस्क्रीमच्या कोनाचा तुकडा. टाळूला चिकटतो आणि पुढचं गीत सुरू झालं तरी सुटत नाही. कॅथलिक बांधवांसाठी हा माल नाहीच, त्यांच्याकडे गव्हाचीच भाकर आणि खरा, म्हणजे आंबवलेला द्राक्षारस लागतो.

आमच्यासारख्या मंडळ्यांना न आंबवलेला रस चालतो, पण हा रस काही प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या काळापासूनचा नव्हे. १८६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये थॉमस वेल्च नावाच्या दातांच्या डॉक्टरांनी रस तापवून तो आंबू नये अशी युक्ती काढली. गृहस्थ मेथडिस्ट पंथाचे, दारूच्या विरोधातले; खटपट केली तीच मुळी प्रभुभोजनासाठी. माणशी वेगळा छोटा पेला १८९०च्या दशकातला, तोही अमेरिकेतलाच. क्षय आणि घटसर्प एकाच प्याल्यातून पसरतील अशी तेव्हा धास्ती होती. तेव्हा कोविडमुळे धर्म बाटला असं म्हणणाऱ्या आमच्या ज्येष्ठांनी जरा दमानं घ्यावं. आपण ज्याला जुनी रीत म्हणतो ती छोट्या पेल्यांची पद्धतही साथीच्या भीतीतूनच आलेली आहे.

आता खरी परीक्षा, म्हणजे रविवार. कपाला वर दोन पदर आणि दोन्हींची टोकं एकाच कोपऱ्यात. वरचा कागद अलगद सुटला तर वेफर हातात येतो. घाईत दोन्ही पदर एकदम ओढले तर रस अंगावर. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या बायका पांढरी पातळं नेसून येतात. त्या दिवशी किती पदरांवर जांभळे डाग पडले ते मी वेदीपाशी उभा राहून पाहत होतो. त्यात तो आवाज. ‘हे माझे शरीर आहे’ म्हटल्यावर जी शांतता हवी, नेमक्या तिच्यात दीडशे कागदांची चुरचुर. पोरांना हसू फुटतं आणि त्यांच्या आया डोळे वटारतात.

म्हाताऱ्यांचे हाल वेगळेच. जन्मभर खुरपं धरलेल्या बोटांना तो कागदाचा कोपरा सापडतच नाही. मोतीबिंदू असेल तर तो दिसतही नाही. पहिल्या वेळी आमचे एक ज्येष्ठ सरळ दातांनी कप फोडायला निघाले होते.

यातूनच एक चांगली गोष्ट झाली, आणि ती कंपनीच्या जाहिरातीत नसते. बायबलमध्ये संत पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात चांगलंच झापलंय: तुमच्यातला एक आधी जेवून मोकळा होतो, दुसरा उपाशी राहतो, याला प्रभुभोजन म्हणायचं का? एकमेकांसाठी थांबा. मी या उताऱ्यावर अनेकदा बोललोय आणि लोकांनी माना डोलावल्यात. पण आपला कप उघडलेला तरुण शेजारच्या आजोबांचा कप हातात घेतो, कागद सोडवून परत देतो आणि मगच स्वतःचा तोंडाला लावतो, हे मला या कपांमुळे दिसलं. आता मी ‘घ्या, खा’ म्हणण्याआधी मुद्दाम थांबतो. शेवटचा कप उघडेपर्यंत कुणी खायचं नाही.

तरीही रविवारसाठी हे कप मला पटत नाहीत. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, प्रभूने भाकरीचं काय केलं? ती घेतली, उपकार मानले, मोडली आणि दिली. कपात भाकर कारखान्यातूनच गोल कापून आलेली असते, म्हणजे मोडणं गेलं. आणि बाकावर बसण्याआधीच दाराशी ज्याने त्याने आपापला कप उचललेला असतो, म्हणजे देणंही गेलं. मी पुढे उभा राहून नेमकं काय करतोय, असा प्रश्न पडतो. सीलबंद मालावर प्रार्थना करणारा साक्षीदार, बस.

आमची जुनी पद्धत अशी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, पण सवयी काही एका दिवसात एक होत नाहीत. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या वळणाचे लोक वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकतात आणि एकाच प्याल्यातून घेतात. नगरकडच्या आम्हा मंडळ्यांचं मूळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये, ते इथे १८३१ पासूनचं. आम्ही बाकावरच बसतो, ट्रे या हातातून त्या हातात जातो, त्यात काचेचे छोटे पेले. रस घरचा. तासगावकडचे काळे मनुके आदल्या रात्री भिजत घालायचे, सकाळी त्याच पाण्यात उकळायचे, कुस्करायचे आणि पांढऱ्या फडक्यातून पिळून घ्यायचे. दोन दिवसांच्या वर ठेवला की फेस धरतो, म्हणून शनिवारीच करायचा. भाकरीच्या जागी पाव. वाड्यांवर पाव मिळाला नाही तर चपाती, आणि तिथे एका चपातीचे तुकडे मोडून वाटताना मला जास्त समाधान वाटतं.

पहिले काही महिने मी तयार कपांची बाजू घेत होतो. सोय होती, भीती होती आणि लोक चर्चला परत येत होते. एका वस्तीवर मंडळीतल्या आजींनी कप हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, “पाळकसाहेब, हाटेलात आमचा कप येगळा असायचा. भाईर खिळ्याला अडकावलेला. आपणच इसळायचा, आपणच अडकवायचा. चर्चच्या देवळात आलो तवा ते सुटलं व्हतं. आता हितंबी ज्याचा त्याचा कप?”

मी त्यांना जंतूंचं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “जंतू तर समद्यांचं सारखंच की.”

सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात, प्रभुभोजनावर जे काही शिकलो त्यात हे नव्हतं. आमच्या बहुतेक मंडळ्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून उभ्या राहिल्या. पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं त्या लोकांच्या ओठांना चर्चमधला पेला लागला. तो पेला धुऊन पुन्हा ट्रेमध्ये गेला आणि पुढच्या महिन्यात कुणाच्या ओठाला लागला, हे कुणी विचारलं नाही. हे सगळ्यांना सहज जमलं असंही नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरही काही काळ लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं सांभाळलं होतं आणि मग ते सोडून दिलं. हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवलंय. आणि आम्ही आज फार पुढे गेलोय अशातला भाग नाही. सोयरिकीची बोलणी निघाली की ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न अजूनही हळूच येतोच. म्हणून तो ट्रे हातोहात फिरणं मला मोलाचं वाटतं. सगळ्यांचे पेले एकाच घमेल्यात विसळले जातात, यात माझ्या कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त आहे.

असं असलं तरी माझ्या मोटरसायकलच्या डिकीत या कपांचा एक डबा कायम असतो.

घरभेटीसाठी पूर्वी चामड्याची एक पेटी असायची: बाटली, चार पेले, भाकरीची डबी. खडीच्या रस्त्यावर बाटलीचं बूच हमखास सुटायचं आणि रस बायबलवर सांडायचा. आता कप खिशात मावतो. अतिदक्षता विभागात सिस्टर बाहेरचं काही आत नेऊ देत नाहीत, पण सीलबंद कप पाहिला की बहुतेक वेळा मान हलवतात. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यायचं असतं, त्याला हा चमचाभर पुरतो. क्षयाच्या रुग्णाला तर हा कप वरदान आहे. त्याला ‘तुझा पेला वेगळा ठेवतो’ असं सांगावं लागत नाही. मीही त्याच्यासोबत तसलाच कप उघडतो.

दुसरी जागा म्हणजे कारखान्याचा तळ. दिवाळीच्या आसपास आमच्या वाड्या रिकाम्या होतात, लोक कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. नाताळ तिकडेच होतो, ईस्टर लवकर आलं तर तेही तिकडेच. मी जातो तेव्हा अंधार पडलेला असतो, बायका चुलीपाशी, गडी मोळ्या भरून नुकतेच आलेले. पाणी टँकरचं, तेही हंड्यात मोजून. अशा ठिकाणी पंचवीस पेले आणि ते विसळायला पाणी कुठून आणणार? चुलीची राख उडते, उसाचं पाचट उडतं. तिथे सीलबंद कपाइतकी चांगली वस्तू नाही. फक्त भाकर मी वेफरची देत नाही. कुठल्या तरी चुलीवरची गरम बाजरीची भाकर मागून घेतो आणि मोडतो. ‘भाकरीसाठी हे घर सोडून आलोय,’ असं एकजण म्हणाला होता. त्यावर मी काही भाष्य केलं नाही, भाकर पुढे दिली.

पैशांचं सांगायचं तर आम्हाला एक कप साधारण बारा रुपयांना पडला. दीडशे माणसांना महिन्याला अठराशे. मनुके आणि पाव मिळून याच्या पावपटीत भागतं. लहान मंडळीचं महिन्याचं अर्पण पाहता हा खर्च अंगावर येणारा आहे. शिवाय उपासना संपली की प्लॅस्टिकचं एक पोतं उरतं. त्याला रसाचा चिकटपणा, त्यावर मुंगळे. आशीर्वाद दिलेल्या प्याल्याचं पुढे काय करायचं याचे नियम आम्ही पाठ केलेत, त्यात घंटागाडीचा उल्लेख नाही.

मग ट्रे परत आणायचा असं कमिटीत ठरलं, आणि आपण तत्त्वाला जागलो म्हणून सगळे पुरुष खूश. तेवढ्यात महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई उठल्या. म्हणाल्या, “तुम्हाला एक पेला, एक शरीर बोलायला काय जातंय? दीडशे पेले गरम पाण्यातून काढून पुसून कोण ठेवतं? कप मागवा असं आम्हीच म्हटलं होतं, विसरलात का?” खरंच, तो ठराव त्यांचाच होता. ‘आरोग्याच्या दृष्टीने’ हे शब्द सेक्रेटरींनी मागाहून घातले होते. बाई पुढे म्हणाल्या, पेले आणा, आमची ना नाही, पण विसळायला आम्ही येणार नाही.

बरीच चर्चा झाली. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते त्याच रात्री, हे मी सांगायला गेलो तर बाई म्हणाल्या, “हेच म्हणतेय मी.”

तर माझं मत असं. घरभेट, दवाखाना, ऊसतोडीचा तळ आणि ईस्टरच्या पहाटेची मैदानातली गर्दी, यांसाठी पाचपैकी साडेचार तारे. अर्धा त्या वेफरचा कापला. रविवारच्या नेहमीच्या उपासनेसाठी दोन, आणि तेही शेजाऱ्याचा कप उघडून देणाऱ्या पोरांमुळे. मागवणार असाल तर आधी एकच खोका घ्या. तारीख बघा, कारण जुना साठा स्वस्तात खपवतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, नगरच्या एप्रिल-मेमध्ये सील फुगतात आणि रसाला वास येतो. दोन पदरांची टोकं वेगवेगळ्या बाजूंना असलेले कप मिळाले तर तेच घ्या, थोडे महाग पडले तरी. वाटण्याआधी कप कसा उघडायचा ते एकदा करून दाखवा, आणि हे सूचनांच्या वेळी उरका, प्रार्थनेनंतर नको.

आमच्याकडे आता महिन्याच्या पहिल्या रविवारी ट्रे फिरतो. पेले तरुण संघाचे मुलगे आणि पास्टोरेट कमिटीचे पुरुष पाळीपाळीने विसळतात, माझंही नाव यादीत आहे. सुरुवातीलाच काही पेले फुटले. नवे आणायला कमिटीने मंजुरी दिली आहे आणि ते पुरुषांच्याच वर्गणीतून आणायचे, असं महिला मंडळाने मिनिट्समध्ये लिहून घेतलंय.