ओनिमुशा वॉरलॉर्ड्स : सात महिने खेळल्यानंतर

हा गेम पहिल्यांदा संपवायला मला जेमतेम सहा तास लागले. त्याला सात महिने झाले, तरी आठवड्यातून एकदा मी तो निन्टेन्डोच्या स्विच या गेमयंत्रावर लावतोच. कारण एकच, इस्सेन, म्हणजे नेमक्या क्षणी केलेला प्रतिवार.

समोरचा राक्षस तलवार उगारतो. आपण वार अडवायचा नाही, मागेही सरायचं नाही. त्याचा घाव अंगावर पडणार त्या नेमक्या क्षणी बटण दाबायचं. जमलं तर एका फटक्यात तो खलास. जरा उशीर झाला तर घाव आपल्यावर. पहिला महिनाभर हे मला नशिबानेच जमायचं. मग कळलं की तलवारीच्या पात्याकडे नाही, त्याच्या खांद्याकडे बघायचं. आता तीन राक्षसांनी घेरलं तरी मी जागचा हलत नाही, आणि ती शांतता मला फार आवडते.

मूळ गेम जानेवारी २००१मध्ये जपानात प्लेस्टेशन २वर आला. कल्पना होती 'रेसिडेंट ईव्हिल' या भयपट धाटणीच्या गेमला जपानच्या सेंगोकू काळात, म्हणजे सरदारांच्या आपसातल्या लढायांच्या काळात नेण्याची. आधी तो पहिल्या प्लेस्टेशनसाठी बनत होता, नंतर नव्या यंत्रावर गेला आणि त्यावर जपानात दहा लाख प्रती खपलेला पहिला गेम ठरला. जागचा न हलणारा कॅमेरा आणि आधीच रंगवून ठेवलेली दृश्यं हा त्याच घराण्याचा वारसा.

कथा मला इतिहासासाठी आवडते. १५६०च्या ओकेहाझामाच्या लढाईत ओदा नोबुनागा हा सरदार जिंकला, हे खरं. गेममध्ये त्याच विजयाच्या क्षणी एक बाण त्याच्या गळ्यात घुसतो आणि गेन्मा राक्षस त्याला परत उठवतात. नायक सामानोसुके राजकन्या युकीला सोडवायला ज्या इनाबायामा किल्ल्यात शिरतो, तो खरा किल्ला नोबुनागाने १५६७मध्ये घेतला आणि त्याचं नाव गिफू ठेवलं. नायकाचं आडनाव आकेची. १५८२मध्ये क्योतोच्या होन्नोजी मंदिरात नोबुनागाचा घात करणारा मित्सुहिदेही आकेचीच. हे वाचल्यावर मी गेम पुन्हा पहिल्यापासून खेळलो, आणि नायकाचा प्रत्येक संवाद वेगळा ऐकू आला. त्याला चेहरा अभिनेता ताकेशी कानेशिरोचा आहे.

मी खेळतो ती २०१९ची सुधारित आवृत्ती. स्टिकने चालता येतं, शस्त्र एका बटणावर बदलतं, सोपी पातळी सुरुवातीपासून मिळते. नवख्याने स्टिकच वापरावी. मी मात्र दोन महिन्यांनी चार दिशांच्या जुन्या बटणांकडे वळलो. त्यात 'वर' म्हणजे कायम नायकाच्या समोर, त्यामुळे अरुंद बोळात कॅमेरा अचानक बदलला तरी पाय चुकत नाहीत.

मन खट्टू झालं ते संगीतामुळे. मूळ वाद्यवृंदाचं संगीत संगीतकार मामोरु सामुरागोचींच्या नावावर होतं. २०१४मध्ये उघड झालं की त्यांच्यासाठी पडद्याआड ताकाशी नीगाकी लिहीत होते. नव्या आवृत्तीत ते सगळं संगीत बदललं आहे. नवं वाईट नाही, पण जुनं ऐकल्यावर किल्ल्याची भव्यता कमी भासते. ज्याने ते लिहिलं त्याच्या नावासकट ते इथे असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या भागाची सुधारित आवृत्ती मे २०२५मध्ये आली आहे. ती मी अजून घेतलेली नाही. डार्क रिअल्म, म्हणजे गेममधली राक्षसांच्या झुंडींशी लढायची वेगळी जागा, तिच्या वीसही पातळ्या एकही वार न अडवता पार करायच्या आहेत, आणि सध्या मी चौदाव्यावर आहे.