टायगर १३१: तयार डायकास्ट की जोडायचं किट?

इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममधला टायगर १३१ हा जर्मन रणगाडा ब्रिटिशांनी एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला. त्याचं मॉडेल घ्यायचं तर १:७२ चं, म्हणजे मूळच्या बहात्तर पट लहान, तयार डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूचं) किंवा १:३५ चं प्लास्टिक किट.

डायकास्ट रंगवूनच येतं. तोफेसकट साडेआठ मीटरचा रणगाडा जेमतेम १२ सेंटीमीटरमध्ये बसतो, त्यामुळे कपाटात जागा कमी असेल तर हेच बरं. पण पैसे मोजण्याआधी अंगावरचा पोत नीट बघा. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन लावत तो खरखरीत झिमेरिट लेप १३१ पकडला गेल्यानंतर सुरू झाला. बुरुजावर (तोफेच्या फिरत्या घुमटावर) १३१ हा आकडा आणि अंगावर लेप असेल, तर कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या.

किट साधारण २४ सेंटीमीटरचं. गोंद, रंग, ब्रश यांचा खर्च वेगळा. तरी माझा कौल किटलाच! एकमेकांत गुंतलेली चाकं स्वतः बसवताना कळतं, की आतलं एक चाक बदलायला बाहेरची किती काढावी लागत असतील. तयार मॉडेल हे शिकवत नाही.

पुढे विकायचा विचार असेल तर मात्र डायकास्ट घ्या, आणि खोका जपून ठेवा.