कॅप्सायसिन मलम (०.०७५ टक्के): नागीण गेल्यावर राहिलेल्या आगीसाठी

गेल्या पावसाळ्यात डाव्या बरगडीवर नागीण उठली. महिन्याभरात फोड सुकले, खपल्या पडल्या, पण आग काही जाईना. पदर नुसता घासला तरी कळ मस्तकात जायची. डाव्या कुशीवर होणं तर बंदच. तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला हे मलम दिलं.

यातलं औषध म्हणजे मिरचीचा तिखटपणाच. कातडीतल्या ज्या नसांना चटका कळतो, त्यांच्या टोकांना ते झोंबतं आणि तिथून ‘सबस्टन्स पी’ सुटतं. हे ११ अमिनो आम्लांचं इवलंसं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण छोटी साखळी. कळ मज्जारज्जूत पुढे ढकलायला त्याचा हात असतो, आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावून लाली-सूजही तेच आणतं. १९३१ मध्ये ऑयलर आणि गॅडम या शास्त्रज्ञांना ते घोड्याच्या मेंदूत नि आतड्यात सापडलं. मलम रोज लावलं की नसांमधला त्याचा साठा आटतो, असं पूर्वी सांगत. आता म्हणतात, ती टोकंच काही काळ कामातून जातात. डॉक्टरांनी हे नीट समजावलं म्हणून मी टिकले.

कारण पहिला आठवडा फार कठीण गेला. मिरच्या कुटल्यावर हात भगभगतात ना, तशी बरगडी. त्यात औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणाला, “दुखेल तेव्हा लावा.” चार दिवस तसंच केलं आणि नुसती आग पदरी पडली. हे मलम घड्याळ लावूनच लावायला हवं. मला दिवसातून चार वेळा सांगितलं होतं.

पहिल्या रात्री हात नुसत्या पाण्याने धुतले आणि झोपेत डोळा चोळला. तो अर्धा तास आठवला तरी अंगावर काटा येतो. तिखट पाण्याने निघत नाही. आधी बोटांना खोबरेल चोळायचं, मग साबण. आंघोळही कोमट पाण्याने. कढत पाणी पडलं की ती जागा पेटलीच. आणि फोड ओले असताना हे मलम मुळीच लावू नका.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ब्लाउजचे हूक लावून झाले, तेव्हा लक्षात आलं की आज श्वास रोखला नव्हता. मी तशीच पलंगावर बसून राहिले. सणक अजून येते, विशेषतः संध्याकाळी, पण पदर सोसतो. दुसरी ट्यूब सुरू केली आहे. नातू आला की ती कपाटाच्या वरच्या फळीवर जाते, आणि दुपारचं मलम तो झोपल्यावर.